चाबूकवाला गेम परत लावलाय, पण तो फास्ट झालाय का मी म्हातारा?

मिरजेचा_चाबूकवाला:

मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण दोन आठवडे डोक्यात भुंगा लागलाय म्हणून विचारून टाकतो.

९४-९५ साल असेल, मी तिसरी-चौथीत. मिरजेला आमच्याकडे तो लाल-पांढरा टीव्ही गेम होता, मामानं मुंबईहून आणलेला. रिमोटच्या वायरी एवढ्या आखूड की टीव्हीपासून हातभर अंतरावर बसूनच खेळावं लागायचं आणि आजी मागून ओरडायची डोळे जातील म्हणून (गेले). मारिओ होता, कॉन्ट्रा होता, आणि एक कॅसेट होती जिचं स्टिकर कुणीतरी नखानं खरवडून काढलेलं, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही तिला चाबूकवाला म्हणायचो. सुरुवातीला मोठं फाटक, मागं किल्ला, वटवाघळं फिरतायत, एक माणूस चालत येतो आणि आपल्याकडे पाठ करून उभा राहतो. बास. तेवढं बघूनच पोटात गोळा यायचा. बाकीचे गेम लावले की आरडाओरडा, हा लावला की खोलीतला दिवा बंद करायचा असा नियमच होता, आणि तो नियम आमच्या दादानं (चुलत, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा) काढलेला.

खरं नाव कळलं कॉलेजात आल्यावर, सायबर कॅफेत. कॅसलव्हेनिया, कोनामीचा, १९८६ चा. चाबूकवाल्याचं नाव सायमन बेलमाँट आणि शेवटी बसलेला ड्रॅक्युला, म्हणजे किल्ला त्याचाच. तोपर्यंत आम्ही त्याला मालक म्हणत होतो.

तर झालं असं की गेल्या महिन्यात सेलमध्ये ते ॲनिव्हर्सरी कलेक्शन घेतलं, २०१९ ला आलेलं, जुने आठ गेम एकत्र आहेत त्यात. पोरं झोपल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडला, दिवा बंद केला, नियम म्हणजे नियम, आणि पहिल्या जिन्यापर्यंत जातोय तोवरच कळलं की काहीतरी गंडलंय. सगळं पळतंय! तो काळा बिबट्या ठोकळ्यावर बसलेला असतो ना, लहानपणी तो उठला की मी आरामात चाबूक उगारायचो, आता मी बटण दाबेपर्यंत तो माझ्या अंगावरून पलीकडे. म्युझिकचं तर काय सांगू, पहिल्या भागाची ती धून तीस वर्षं माझ्या डोक्यात एका चालीत वाजतीय, आंघोळीला गेलो की तीच गुणगुणतो, आणि आता ती अशी वाजतीय जशी काही तिला स्वारगेटची शेवटची बस पकडायचीय.

बायको म्हणते चाळिशी आली, मान्य कर. मला ते मान्य करायचं नाहीये. कलेक्शनवाल्यांनी गेम मुद्दाम फास्ट केलाय का? का मूळचाच असा होता आणि माझी आठवण खोटी?

दुसरं म्हणजे पाचव्या भागात यमाच्या (त्या भागाच्या शेवटचा मोठा शत्रू) आधीचा जो बोळ आहे, कुऱ्हाडवाले आणि हवेत नागमोडी तरंगत येणारी मुंडकी, तिथं मी तेव्हाही मरायचो आणि आत्ताही मरतोय, शेवटी काल सेव्ह स्टेट (गेम पाहिजे त्या क्षणी गोठवून मेलो की तिथूनच परत सुरू करायची सोय) मारत मारत पार केला पण त्यात काही मजा आली नाही, चोरी केल्यासारखं वाटलं. कुणी सरळ मार्गानं पार केलाय का?

आळशी_बोका:

म्हातारा. पुढचा प्रश्न?

हलकेच घ्या हो. मी पण परवा कॉन्ट्रा लावला आणि पहिल्याच स्टेजला तीन लाईफ गेल्या. लहानपणी एका लाईफवर तीन स्टेज काढायचो असं मी पोराला सांगत होतो, तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ना, तीच नजर मी आजोबांकडे टाकायचो जेव्हा ते कृष्णेला पूर आला की पोहत पलीकडं जायचो म्हणायचे.

सोल्डरवाले_काका:

मिरजकर, बायकोला सांगा काकांनी सांगितलंय, आठवण खोटी नाही. गेम खरंच फास्ट आहे. म्हणजे नीट सांगायचं तर आत्ताचा बरोबर आहे आणि तुम्ही लहानपणी खेळलात तो स्लो होता.

मी इचलकरंजीला वीस-एक वर्षं टीव्ही रिपेअरिंग केलं. तुमच्यासारखे लाल-पांढरे डबे पोत्यानं उघडलेत. आत एवढंसं बोर्ड, त्यावर काळ्या डांबराचा एक ठिपका, त्या ठिपक्याखाली अख्खं मशीन. निम्म्या वेळा बिघाड मशीनमध्ये नसायचाच, अडॅप्टरची वायर पिनेपाशी तुटलेली असायची.

तर कारण असं. टीव्हीवरचं चित्र एका सेकंदात ठरावीक वेळा नव्यानं काढलं जातं. जपान आणि अमेरिकेत ते ६० वेळा, आपल्याकडे पाल सिस्टीम, तिच्यात ५० वेळा. यालाही जुनं कारण आहे, त्यांच्याकडे (जपानात अर्ध्या भागात) घरातली वीज ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०, त्या काळी टीव्हीचा आकडा विजेच्या आकड्याला धरून ठेवलेला. आता गेम लिहिणाऱ्यांनी सगळा हिशोब घड्याळावर नाही, चित्रांवर केलेला. दर चित्राला माणूस एवढा पुढे, दर चित्राला वटवाघूळ तेवढं खाली. म्हणजे समजा दर चित्राला माणूस एक ठिपका सरकला आणि पडदा २५६ ठिपक्यांचा, तर ६० वर त्याला पडदा ओलांडायला सव्वाचार सेकंद लागणार, ५० वर पाचाच्या वर. गेम तोच, कॅसेटमधला प्रोग्राम तोच, फक्त आपल्या टीव्हीला चालावं म्हणून डब्यातली चिप ५० ची बसवलेली. तीस वर्षं तुमच्या डोक्यात जो स्पीड बसलाय त्याच्यापेक्षा आत्ताचा वीस टक्क्यांनी जास्त आहे. बिबट्यापण वीस टक्के, मुंडकी पण वीस टक्के.

कोनामीनं आपल्यासाठी वेगळा बनवला वगैरे काही नाही, आपण होतो कुठं त्यांच्या हिशोबात. आपल्याला मिळाला तो पाणी घातलेला उसाचा रस. पण लहानपणी तोच प्यालोय तर तोच गोड लागणार.

आणखी एक. टीव्हीवर गेम मोड आहे का बघा आणि चालू करा. जुन्या डब्बा टीव्हीत बटण दाबलं की त्याच क्षणी पडद्यावर दिसायचं, नवीन टीव्ही चित्र आधी आत घेऊन त्याला पावडर-लिपस्टिक लावतो आणि मग दाखवतो, त्यात जो काही वेळ जातो तेवढ्यात बिबट्या निघून जातो. म्हणजे तुमच्यावर दोन्हीकडून मार आहे.

मिरजेचा_चाबूकवाला:

काका!!! तुमचे पाय कुठायत?

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली "वीस टक्के गेमचा दोष, ऐंशी टक्के तुझा." असो. गेम मोड बंदच होता, केला चालू, फरक पडला, पण वीस टक्के आहेतच.

दादरा_केरवा:

काकांनी जे सांगितलं त्यातली संगीताची बाजू मी पुरी करतो, कारण मला हा प्रश्न फार वर्षं छळत होता आणि उत्तर आज मिळालं. मी क्लास घेतो हार्मोनियमचे. एका विद्यार्थ्यानं मोबाईलवर हीच पहिल्या भागाची धून लावली, व्हॅम्पायर किलर नाव आहे तिचं, आणि मी म्हटलं अरे ही पट्टी तर तीच आहे, मग चुकल्यासारखं का वाटतंय? टेप फास्ट चालवली तर सूर पण वर चढतो, आवाज चिरका होतो. इथं सूर जागच्या जागी आणि नुसती लय चढलेली. म्हणजे काकांच्या हिशोबानं स्वर काढणारं यंत्र जवळपास मूळ वेगानंच चालत होतं आणि पुढचा स्वर कधी वाजवायचा हे मात्र चित्रांच्या गणतीवर, बरोबर ना? तर आपण सगळे हा गेम लहानपणी विलंबितात ऐकलेले लोक आहोत. जपानी पोरांनी द्रुत ऐकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघींचं. यामाशिता तेव्हा कॉलेजातून बाहेर पडून नुकत्याच कोनामीत लागलेल्या, पहिलंच काम. वापरलंय काय बघा, दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी आणि एक खरखर. संपलं. चौकोनीतल्या एकीवर मुख्य चाल, दुसरीवर तिच्या मागं मागं जाणारी साथ, त्रिकोणीवर खर्ज आणि खरखरीचा तबला. तिसऱ्या भागात किल्ल्याच्या तटावर आलात की जी धून लागते ती हेडफोन लावून फक्त खर्जाकडे लक्ष ठेवून ऐका, डाव्या हाताला घाम फुटेल. आणि गंमत म्हणजे गेम संपल्यावर जी नावं येतात त्यात या दोघींचं नाव नाहीच! सगळी थट्टेतली नावं आहेत, संगीत म्हणून जेम्स बनाना लिहिलंय. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या ड्रॅक्युला सिनेमांचे संगीतकार जेम्स बर्नार्ड, त्यांच्यावरून. लेखक म्हणून व्रॅम स्टोकर, ड्रॅक्युला कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरवरून, कारण मशीनच्या चित्र साठवायच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. इतकं काम करून कुणी केळं म्हणून नाव लावून घेईल का? आपल्याकडं एका गाण्यामागं चार जण श्रेयासाठी भांडतात.

यमाचा_रेडा:

धाग्याचा निम्मा प्रश्न अनुत्तरितच आहे, बोळाचा. मी पार केलाय, सेव्ह स्टेट न वापरता, आणि हो ६० वरच. एका आठवड्यात नाही, दीड महिना गेला रोज अर्धा तास, ऑफिसातून आल्यावर.

पहिलं म्हणजे बोळाला घाबरून थांबू नका. मुंडक्यांना अंत नाही. तुम्ही "आधी ही जाऊ देत मग पुढं सरकू" म्हणून उभे राहिलात तर ती येतच राहणार, रेशनच्या लायनीसारखी. चालत राहायचं. दुसरं, हवेत उडी मारली की सायमनचं काहीच आपल्या हातात राहत नाही, मारिओसारखं मधेच मागं फिरता येत नाही, तेव्हा उडी म्हणजे सही केल्यासारखी आहे, केली की केली. चाबकाचंही तेच, बटण दाबलं की आधी हात मागं जातो आणि मग चाबूक, ती मधली गॅप हाताला बसेपर्यंत मार खायचा. म्हणून मला हे फास्ट-स्लो प्रकरण थोडं फाजील वाटतं, काकांचा हिशोब शंभर टक्के बरोबर असेल पण हा गेम पळणाऱ्याचा नाहीच. समोर काय येणार हे माहीत असणाऱ्याचा आहे. प्रत्येक वटवाघूळ, प्रत्येक खड्डा कुणीतरी डोकं लावून अशा जागी ठेवलाय की आंधळेपणानं उडी मारणारा मागं फेकला जाऊन बरोब्बर त्याच खड्ड्यात पडावा. पडलात की शिव्या द्या, पण कुणाला द्यायच्या ते तुम्हाला माहीत असतं.

आता खरी किल्ली. बाटली. होली वॉटर हो, आम्ही पेट्रोल म्हणायचो. वर आणि चाबकाचं बटण. कुऱ्हाडवाल्याच्या पायाशी फोडली की तो त्या जाळात जागच्या जागी थिजतो, कुऱ्हाड फेकायचं विसरतो, तेवढ्यात वरून चाबूक. बाटलीनं मारत राहिलं की आधी दोन आणि मग तीन बाटल्या एकदम फेकता येतील असं चिन्ह मिळतं, ते तीनचं चिन्ह घेऊनच बोळात शिरायचं. आणि एकदा बाटली हातात आली की मेणबत्तीतून सुरी पडो नाहीतर घड्याळ पडो, तिच्यावरून चालत जायचं नाही. एकाच वेळी एकच हत्यार राहतं, नवं उचललं की जुनं गेलं. माझे निम्मे डाव त्या भिकार सुरीनं घालवलेत.

आणि बदाम जपा! लहानपणी आम्ही बदाम म्हणजे लाईफ समजून आनंदानं गोळा करायचो आणि "एवढे बदाम आहेत तरी मेला कसा?" म्हणून भांडायचो. बदाम म्हणजे गोळ्या. एका बाटलीला एक बदाम, घड्याळाला पाच. भाग चालू असताना लाईफ फक्त भिंतीतल्या तंगडीनं वाढते.

बोळात मेलात तर गेम तुम्हाला त्याच दारापाशी उभं करतो पण साधा चाबूक, पाच बदाम आणि रिकामे हात घेऊन. तिथं जिद्द करू नका. सरळ उरलेल्या लाईफ घालवा, गेम ओव्हर होऊ द्या, कंटिन्यू कितीही वेळा मिळतं, पाचवा भाग सुरुवातीपासून करा आणि सगळं परत गोळा करत या. हे ऐकायला मूर्खपणा वाटतो पण त्यानंच होतं. शेवटी शेवटी एकेक फटका एवढा जबर बसतो की चौथ्याला खेळ खल्लास.

तीन बाटल्या घेऊन यमापर्यंत पोचलात तर यम म्हणजे सोपा पेपर. तो प्रकट होतोय तोवरच फोडायला सुरुवात करा. तो जाळात अडकून उभा, कोयत्यांचा पाऊस सुरू व्हायच्या आत निम्मा संपतो.

आळशी_बोका:

भिंतीतली तंगडी!! आमच्या वाड्यात एक जैन मित्र होता, तो शपथेवर सांगायचा तो केक आहे म्हणून. त्याच्या पाळीला आम्ही पण केकच म्हणायचो.

वऱ्हाडी_वटवाघूळ:

अबे भाऊ मले तर हेच समजून नाही रायलं का शेकडो वर्षं जुन्या किल्ल्याच्या भिंतीत तंगडी ठेवली कोनं आन् ते खाऊन हा मानूस बरा कसा होते. आमच्याकडं फ्रिजात दोन दिवस रायली तर मायनं फेकून देल्ली असती.

उलटा_किल्ला:

थोडं अवांतर होईल पण मला राहवत नाही. ज्यांना हा जुना चाबूकवाला जमत नाही त्यांनी सिम्फनी ऑफ द नाईट खेळा. १९९७, प्लेस्टेशन. यात लाईफ मोजायच्या नाहीत, टप्पे नाहीत, अख्खा किल्ला उघडा, हिंडा पाहिजे तसं, लेव्हल वाढवा, तलवारी बदला. हिरो ड्रॅक्युलाचाच मुलगा आलुकार्ड (बापाचं नाव उलटं लिहिलेलं, हे कळायला मला दोन वर्षं लागली). अंगरखा असा लहरतो की नुसतं चालवत बसावं. तिथं एक देवळासारखी जागा आहे, चर्चच, तिच्यात कबुली द्यायची एक खोली असते, आलुकार्डला खुर्चीत बसवलं की पडद्यामागं पाद्र्याचं भूत येऊन बसतं. कधी आशीर्वाद देतं, कधी सुरे मारतं. गेम पुढं न्यायला त्याचा काहीएक उपयोग नाही. असल्या बिनकामाच्या गोष्टींनी तो किल्ला भरलाय आणि म्हणूनच तो किल्ला वाटतो.

मी खेळलो नाशकात एका पार्लरला, तासाला पंधरा रुपये. मेमरी कार्ड पार्लरवाल्याचं, त्यामुळे दर दोन दिवसांनी कुणीतरी माझी फाईल उडवून त्यावर फुटबॉल सेव्ह करायचं. तरी जिद्दीनं रिश्टरला (हा पण बेलमाँटच, पण इथं किल्ल्याचा मालक होऊन बसलेला) हरवला, शेवट आला, नावं आली, पेढे वाटायचे बाकी ठेवले. सहा वर्षांनी नेटवर वाचलं की तो खरा शेवटच नाही! किल्ल्यात मारिया नावाची मुलगी भेटते, तिच्याकडून एक चष्मा घ्यायचा असतो, तो लावून रिश्टरच्या डोक्यावर फिरणाऱ्या गोळ्याला मारायचं, मग आकाशात तोच अख्खा किल्ला उलटा टांगलेला उघडतो, तेवढाच मोठा. नकाशा भरता भरता २००.६ टक्क्यांपर्यंत जातो. मी निम्मा गेम खेळून सहा वर्षं कॉलर ताठ करून फिरत होतो. तेव्हापासून हा आयडी.

काकांना एक प्रश्न. त्या पार्लरमध्ये तो गेम ब्लॅक अँड व्हाइट दिसायचा. बाकी काही गेम रंगीत, हा मात्र करडा. मला खरंच वाटायचं जुन्या भुताच्या सिनेमासारखा म्हणून मुद्दाम तसा केलाय आणि मी मित्रांना तसं छातीठोक सांगितलंय. नंतर घरी पीसीवर लावला तर लाल गालिचे, निळ्या काचा, सोनेरी घड्याळ! असं का?

सोल्डरवाले_काका:

हा हा, उलटा किल्ला, तुमची केस मिरजकरांच्या बरोब्बर उलटी आहे.

तुमच्या पार्लरवाल्याकडे चिप टाकलेलं (म्हणजे कॉपी केलेल्या आणि बाहेरच्या सीडी पण चालाव्यात म्हणून) मशीन आणि अमेरिकन सीडीची कॉपी असणार. (खरी प्लेस्टेशन सीडी खालून काळी असते, तुमची चकचकीत चांदीची किंवा हिरवट असेल, आठवून बघा.) अशी सीडी घातली की मशीन ६० वरच चालायचं. टीव्हीनं कसाबसा तो वेग पकडला, चित्र स्थिर आलं, पण रंग पाठवायची त्यांची पद्धत वेगळी आणि आपल्या पाल टीव्हीला ती उलगडायची नाही, मग टीव्ही काय करणार, रंग सोडून द्यायचा आणि करडं चित्र दाखवायचा. जे गेम रंगीत दिसायचे ते पालवाले. माझ्याकडे लोक टीव्ही उचलून आणायचे, पिक्चर ट्यूब गेली म्हणून. ट्यूब ठणठणीत असायची.

म्हणजे मिरजकरांना रंग मिळाला आणि वेग गेला, तुम्हाला वेग बरोबर मिळाला आणि रंग गेला.

दादरा_केरवा:

त्या काळ्या सीडीवरून आठवलं, सिम्फनीची सीडी साध्या ऑडिओ प्लेयरला लावली आणि दुसऱ्या ट्रॅकवर गेलात तर आलुकार्ड स्वतः बोलतो, की ही प्लेस्टेशनची डिस्क आहे, पहिल्या ट्रॅकवर डेटा आहे, तो वाजवू नका, पण तुम्ही कुठं ऐकणार म्हणा. आणि मग खाली म्युझिक सुरू. मी अर्थातच आधी पहिला ट्रॅक वाजवला होता. नुसती खरखर. आई आतून पळत आली.

एडिसनकर:

आमच्या इथल्या (न्यू जर्सी) पोरांना हे सगळं सांगितलं तर विश्वास बसणार नाही. मी सातवीनंतर इकडे आलो, शेजारच्याकडे करड्या रंगाचा खरा निन्टेंडो होता, त्याच्यावर हाच गेम बघितला आणि मला अगदी हेच वाटलं होतं, की इथं सगळंच घाईत असतं, गेमसुद्धा. ठाण्याला मावसभावाकडे खेळायचो तो निवांत होता. तेव्हा ते मी देश बदलल्याच्या खात्यात टाकलं. आज कळलं त्यातला थोडा भाग ५० हर्ट्झचा होता.

सेव्ह स्टेटबद्दल माझं मत वेगळं आहे रेड्यापेक्षा. अपराधी वाटून घेऊ नका. जपानमध्ये हा गेम १९८६ ला आला तो कॅसेटवर नाही, डिस्क सिस्टीमवर (निन्टेंडोचं फ्लॉपीसारख्या डिस्कवर चालणारं जोडयंत्र), आणि त्यात नाव टाकून गेम सेव्ह करायची सोय होती. दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. ती सोय कॅसेट करताना गेली, म्हणून आपण आणि अमेरिकेतली पोरं एका बैठकीत खेळत बसलो आणि आई जेवायला बोलवायला लागली की मशीन चालू ठेवून वर टॉवेल टाकून जायचो. तर दारापाशी सेव्ह करणं म्हणजे मूळ गेमला धरूनच आहे. बोळाच्या मधोमध, उडी मारताना हवेत सेव्ह करत असाल तर मात्र रेडा म्हणतो ते खरं.

यमाचा_रेडा:

दारापाशी मान्य. हवेत नाही.

मिरजेचा_चाबूकवाला:

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो.

काकांचं वाचून एक उद्योग केला. मेसेन म्हणून एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे पीसीचा, त्याच्या सेटिंगमध्ये रीजनला डेंडी असा पर्याय आहे (डेंडी म्हणजे रशियातला असाच ५० वाला नकली डबा, आपल्या डब्याचा चुलतभाऊ). त्यावर टाकलं, डोळे मिटले आणि धून चालू केली. काय सांगू राव. तीच. तीच चाल. आंघोळीची. बिबट्या पण माझ्या वेळेला उठला आणि माझ्या वेळेला मेला.

मग मोठ्या ऐटीत त्याच स्पीडवर बोळात गेलो, म्हटलं आता काय, वीस टक्के परत मिळालेत. मेलो. परत मेलो. त्याच जागी, दुसऱ्या कुऱ्हाडवाल्याच्या अलीकडे, मुंडकं मागून लागून. तर रेड्याचं पण खरं आहे, बायकोचं पण. आता परत ६० वर आलोय आणि बाटल्या जमवत बसलोय, काल तीनचं चिन्ह मिळालं आणि पुढच्याच मेणबत्तीतून सुरी पडली आणि मी तिच्यावरून गेलो. काही बोलू नका.

पण सांगायचं वेगळंच होतं. रविवारी दादाला व्हिडिओ कॉल लावला, तो आता सांगलीला असतो, दुकान आहे, गेमचा आणि त्याचा वीस वर्षांत काही संबंध नाही. त्याला या धाग्याबद्दल काहीच सांगितलं नाही. नुसता फोन टीव्हीसमोर धरला आणि पहिला भाग लावला, ६० वर. तो दोन सेकंद बघत राहिला आणि म्हणाला, "ए, हळू लाव की. पळवतोयस कशाला?"

मी म्हटलं दादा असाच असतो हा. तो म्हणाला नाही नाही, तुझ्या पेटीत काहीतरी बिघाड आहे, दाखवून घे कुणाला तरी. आणि मग मी फोन ठेवणार तेवढ्यात, "पाठीमागं लाईट कसली चालू आहे ती? बंद कर आधी."